दर रविवारी झाडलोट, दर रविवारी शिंका

तक्रार अशी होती: आठवडाभर नाक बऱ्यापैकी शांत. रविवारी सकाळी घर झाडून-पुसून लख्ख करावं, सोफ्यावरचे मांजराचे केस एकेक करून वेचावेत, आणि दुपारच्या जेवणापर्यंत शिंकांची माळ लागावी. डोळ्यांना खाज, नाक चोंदलेलं, रात्री ॲलर्जीवरची सेट्रिझिनची गोळी, सोमवारी ऑफिसात पेंग. पुढच्या रविवारी पुन्हा तेच. हे जवळजवळ वर्षभर चाललं आणि वर्षभर मी एकच उपाय अधिकाधिक जोराने करत राहिलो, तो म्हणजे आणखी झाडायचं.

घर डोंबिवलीतलं, ४५० चौरस फुटांचं. मी, बायको, आई, नववीतली लेक, आणि लेकीने एका दिवाळीत जिन्यातून उचलून आणलेला बोका. नाव गुंड्या, वागणंही तसंच.

शिंका तो आल्या आल्या सुरू झाल्या नाहीत, तीनेक महिन्यांनी झाल्या. त्यामुळे आईचा मुद्दा बिनतोड वाटायचा: "अरे, मांजराचंच असतं तर पहिल्याच दिवशी नसतं का झालं?" पण ॲलर्जी पहिल्या भेटीत होत नाही. शरीर एखाद्या प्रथिनाला आधी शत्रू म्हणून नोंदवून ठेवतं, त्याच्याविरुद्ध आयजीई नावाची प्रतिपिंडं तयार करतं, आणि मग पुढच्या भेटींत भांडण काढतं. या नोंदणीला काही आठवडे लागतात, काही महिने लागतात, काहींना वर्षंही लागतात. म्हणजे "इतके दिवस काही झालं नाही" हा मांजराच्या बाजूने पुरावा धरता येत नाही.

माझी दुसरी चूक अधिक महागात पडली. मी केसांच्या मागे लागलो होतो. मांजराच्या ॲलर्जीचं मुख्य कारण केस नव्हेतच. ते एक प्रथिन आहे, शास्त्रीय नाव फेल डी १. मांजराच्या शास्त्रीय नावावरून 'फेल' आणि 'डी', आणि सापडलेलं पहिलं म्हणून १. ते मांजराच्या लाळेत असतं आणि कातडीतल्या तेलग्रंथींत तयार होतं. मांजर दिवसातले तासन् तास स्वतःला चाटतं, लाळ केसांवर वाळते, वाळलेली लाळ आणि कोंडा यांचा भुगा होऊन हवेत जातो. केस हे फक्त त्या भुग्याचं वाहन. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो. या भुग्यातले बरेच कण ५ मायक्रॉनपेक्षा बारीक असतात. ते तासन् तास तरंगतात, आणि चिकट असल्यामुळे भिंतीला, पडद्याला, शर्टाला धरून बसतात. डोळ्यांना दिसणारा केस उचलून मी जिंकल्यासारखा वागत होतो.

आता रविवारचं कोडं सुटायला हरकत नव्हती. पंखा चालू ठेवून कोरडा फुलझाडू मारला की आठवडाभर खाली बसलेलं सगळं पुन्हा नाकाच्या उंचीवर येतं. झाडणारा मी, म्हणून शिंकणाराही मीच. बायको त्या वेळी स्वयंपाकघरात असायची आणि मला म्हणायची, "कामाचीच ॲलर्जी आहे तुला." तिलाही अगदीच चूक म्हणता येणार नाही.

वही

एवढं कळून झाडू बदलला, तरी सकाळच्या शिंका जाईनात. तेव्हा एक जुनी दोनशेपानी वही घेतली आणि प्रत्येक वेळी तीनच गोष्टी लिहायला लागलो: किती वाजता, घरात कुठे, आणि त्याआधी तासाभरात काय केलं होतं. ज्यांचा त्रास पुन्हा पुन्हा उलटतो त्यांना माझा पहिला सल्ला हाच राहील. एअर प्युरिफायर विकत घेण्याआधी पंधरा दिवस वही. फुकट असते, आणि दुकानदारापेक्षा खरं बोलते.

वहीत तीन वेळा उठून दिसल्या. एक, रविवारची झाडलोट. दोन, संध्याकाळी सात ते नऊ, सोफ्यावर, टीव्हीसमोर. आणि तीन, पहाटे उठल्यावर अंथरुणातच, ओळीने सात-आठ शिंका. ही तिसरी मला बुचकळ्यात पाडत होती, कारण बोका तेव्हा बाहेरच्या खोलीत झोपायचा.

उलगडा झाला तो गणपतीत गावी गेलो तेव्हा. गाव रत्नागिरीकडचं, घरात मांजर नाही. पहिले दोन दिवस तरीही नाक गळत होतं. तिसऱ्या दिवशी लेकीच्या लक्षात आलं की मी बॅगेतलेच कपडे घालतोय, आणि ती बॅग निघायच्या आधी आठवडाभर गुंड्याचं आवडतं अंथरूण होती. कपडे धुऊन काढले, बॅग ओटीवरून पडवीत गेली आणि दिवसाचा त्रास थांबला. पहाटेच्या शिंका मात्र चालूच. अंगावर होती ट्रंकेतून काढलेली, वर्षभर घडी घालून ठेवलेली, पावसाळ्याचा दमट वास येणारी गोधडी. म्हणजे दोषी दोन होते, आणि मी दोघांची फिर्याद एकट्या बोक्यावर लावली होती.

दुसरा दोषी धुळीतले माइट. डोळ्यांना न दिसणारे आठ पायांचे जीव, आपल्या कातडीच्या कोंड्यावर जगतात, गादी-उशी-गोधडीत राहतात आणि हवेतला दमटपणा पिऊन वाढतात. कोकणात आणि मुंबई-ठाण्याच्या पट्ट्यात त्यांना आयतं माहेर मिळालं आहे. त्यांच्या विष्ठेचे कण मांजराच्या भुग्यापेक्षा जड असतात. अंथरूण झटकलं की उडतात आणि अर्ध्या तासाच्या आत खाली बसतात. म्हणून घरच्या घरी एक ढोबळ फरक करता येतो. अंथरुणात आणि चादर झटकताना त्रास, बाकी दिवस बरा, तर माइटचा संशय. नुसतं खोलीत शिरलं तरी, कोणी काही न हलवताही डोळे चुरचुरायला लागले, तर मांजराचा.

संशय म्हणजे निदान नव्हे. परत आल्यावर कातडीवरची टोचणी चाचणी करून घेतली. हातावर संशयित पदार्थांच्या अर्काचे थेंब ठेवतात, प्रत्येक थेंबातून बारीक टोचतात, १५ ते २० मिनिटांत गांधी उठतात का ते मोजतात. त्याआधी साधारण आठवडाभर सेट्रिझिनसारख्या गोळ्या बंद ठेवाव्या लागतात, नाहीतर गांधी उठतच नाहीत आणि चाचणी फुकट जाते; कोणती गोळी किती दिवस बंद, ते डॉक्टरांनाच विचारायचं. माझ्या हातावर मांजर आणि माइट दोन्ही ठळक उठले, झुरळ थोडंसं. ज्यांना धाप लागते, छातीत घरघर होते, रात्री खोकल्याने जाग येते, त्यांनी वहीबिही बाजूला ठेवून आधी डॉक्टरांकडे जावं. दमा झाडूने सुटत नाही.

झाडलोट उलटी करणे

सर्वांत जास्त फरक इथे पडला. पूर्वीचा क्रम: पंखा चालू, कोरडा झाडू, मग पोछा, शेवटी सोफा झटकणे. म्हणजे पुसलेल्या फरशीवर पुन्हा सगळं पाडायचं. आता पंखा बंद, खिडक्या उघड्या, वरून खाली. पंख्याच्या पात्यांना जुना उशीचा अभ्रा घालून ओढून घेतो, धूळ अभ्र्यातच राहते. (ही युक्ती घरकामाला येणाऱ्या मावशींची. मी वर्षानुवर्षं स्टुलावर उभा राहून तोंडावर धूळ पाडून घेत होतो.) मग भिंतीचा खालचा तीन फुटांचा पट्टा, जिथे बोका अंग घासत चालतो, दाराच्या चौकटी, टीव्हीचं टेबल, सगळं ओल्या फडक्याने. सोफा झटकायचा नाही. त्यावर जुन्या सुती चादरी घातल्या आहेत, त्या घडी आत दुमडून उचलायच्या आणि थेट बादलीत. शेवटी फरशी, ओल्या पोछ्याने. झाडू फक्त बाल्कनीत.

मावशींना हे पटायला महिना लागला. "दादा, पंखा नाही तर फरशी वाळणार कशी?" तोड निघाली ती अशी की पुसून झाल्यावर त्या पंखा लावतात आणि मी त्या वेळी भाजी आणायला जातो. स्वच्छता करताना मी एन-९५ लावतो, नंतर शर्ट बदलतो आणि तास-दीड तास त्या खोलीत बसत नाही. ॲलर्जी असलेल्या माणसाने झाडलोट टाळता आली तर टाळावीच. आमच्या घरात हे वाक्य मोठ्याने म्हणण्याची मला परवानगी नाही.

एक इशारा, कारण तो कुणी देत नाही. पोछ्याच्या पाण्यात फिनेल घालायची आपल्याकडे सवय असते. मांजराच्या यकृताला फिनॉलसारखी रसायनं नीट पचवता येत नाहीत. ते ओल्या फरशीवरून चालतं आणि मग पंजे चाटतं. डांबराच्या गोळ्यांचंही तेच. आम्ही साधं साबणाचं पाणी वापरतो, मग एकदा नुसत्या पाण्याने पुसतो. हे प्रथिन पाण्यात विरघळतं, त्यामुळे त्याला उग्र वासाचं काही लागत नाही.

आपल्या घरांची एक जमेची बाजू आहे: फरशी. भिंतीपासून भिंतीपर्यंत गालिचा असलेल्या घरात गुळगुळीत जमिनीच्या तुलनेत शंभरपट ॲलर्जन, म्हणजे ॲलर्जी करणारं प्रथिन, साठल्याचं मोजलं गेलं आहे. अमेरिकेत, इंग्लंडमध्ये भाड्याच्या घरात राहणाऱ्या आपल्या मुलांनी मांजर आणण्याआधी घरमालकाचा तो गालिचा एकदा बघून घ्यावा. आमच्याकडे एकच लोकरी गालिचा होता, लग्नातला. बायकोने तो धाकट्या बहिणीला देऊन टाकला. माझ्या नाकापेक्षा तो जागा अडवतो हे कारण जास्त असावं.

झोपायची खोली

इथे दोन्ही दोषींचं वेगवेगळं बघावं लागतं. गादी आणि उश्यांना चेन असलेली, घट्ट विणीची कव्हरं घातली, ती माइटसाठी. चादरी-अभ्रे आठवड्याला ६० अंशांच्या गरम पाण्यात, तेही माइट मरावेत म्हणून. मांजराचं प्रथिन साध्या पाण्यात साबणानेही बरंचसं निघतं. गादी उन्हात टाकणे चांगलंच, ऊन गादी कोरडी करतं आणि माइटना ते सोसत नाही. पण मांजराचं प्रथिन उन्हाने नष्ट होत नाही. वर्षभर मी गच्चीवर गादी टाकून समाधानाने घाम पुसत होतो आणि अर्धाच प्रश्न सोडवत होतो. जुलै-ऑगस्टात तर ऊनच नसतं. तेव्हा एसीच्या 'ड्राय' मोडचा उपयोग होतो. आर्द्रता ५० टक्क्यांच्या खाली राहिली तर माइट तग धरत नाहीत, फक्त आपल्याकडच्या पावसाळ्यात ती तिथवर आणणं सोपं नाही.

बोक्याला खोलीबंदी केली. पहिले दहा दिवस त्याने दार खरवडलं, आईने त्याचा पक्ष घेतला. मग बाहेरच्या खिडकीशी त्याला उंच फळी करून दिली. कबुतरं दिसतात म्हटल्यावर आमची खोली तो विसरला. नुसतं दार बंद करून भागत नाही, हे कळायला वेळ लागला. आपल्या कपड्यांवरून सगळं आत येतच असतं. संध्याकाळी ज्या टी-शर्टवर तो मांडीवर बसतो, तोच घालून झोपणं बंद केलं. त्याला मांडीवर घेताना घालायचा एक वेगळा सदरा दारामागे टांगलेला असतो. कपाटाची दारं उघडी ठेवायची नाहीत. आणि बॅगा माळ्यावर.

प्युरिफायरचं गणित

पहिला घेतलेला प्युरिफायर मी सोफ्यामागे कोपऱ्यात ठेवला, खिडक्या उघड्या, पंखा पाचवर. दिवा जळायचा, बाकी काही नाही. घ्यायचाच असेल तर हेपा फिल्टरचा घ्यावा, जो ०.३ मायक्रॉनचे ९९.९७ टक्के कण अडवतो, आणि खोली मोजून घ्यावा. आमची झोपायची खोली १० बाय १२ फूट, उंची १० फूट. म्हणजे १२०० घनफूट, सुमारे ३४ घनमीटर. तासाला पाच वेळा हवा गाळली जायला हवी असेल तर १७० घनमीटर. खोक्यावर सीएडीआर म्हणून, म्हणजे यंत्र तासाला किती स्वच्छ हवा देतं याचा, जो आकडा असतो तो किमान एवढा पाहिजे. आणि दार-खिडकी बंद पाहिजे. ओझोन सोडणारं यंत्र असेल तर ते नकोच, ओझोन फुप्फुसांना स्वतःच त्रास देतो. एसीची जाळी म्हणजे हेपा नव्हे. ती मोठी धूळ धरते, तीही पंधरवड्याला धुतली तर.

तरीही याच्यावर फार भिस्त ठेवू नये. १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी चाचणीत मांजराची ॲलर्जी असलेल्या ३५ जणांच्या घरी खरे आणि नकली हेपा फिल्टर लावून पाहिले. हवेतलं ॲलर्जन खऱ्या फिल्टरने घटलं, पण लोकांच्या त्रासात म्हणावा तसा फरक पडला नाही. माझा अनुभव थोडा बरा आहे, मात्र मी त्याच महिन्यात गादीची कव्हरंही घातली होती, म्हणून श्रेय कोणाचं ते वहीतूनही ठरत नाही.

बोक्यावरचे प्रयोग

आंघोळ: एकदा घातली. माझ्या हातावर अजून खुणा आहेत. अंगावरचं ॲलर्जन घटतं, पण आठवड्याच्या आत पूर्ववत होतं, म्हणजे दर चार-पाच दिवसांनी हे युद्ध. त्यापेक्षा लेक रोज संध्याकाळी ओल्या मऊ फडक्याने त्याचं अंग पुसते आणि बाल्कनीत ब्रश करते. मी नव्हे, लेक. ज्याला ॲलर्जी त्याने ब्रश करायचा नाही.

नसबंदी: ज्यांच्या बोक्याची अजून झालेली नसेल त्यांनी हे आधी करावं. फेल डी १ बोक्यात भाटीपेक्षा जास्त असतं आणि खच्चीकरणानंतर घटतं. शिवाय भिंतींवरचे फवारे थांबतात, ते वेगळंच.

खाद्य: कोंबडीच्या अंड्यातून मिळवलेली प्रतिपिंडं घातलेलं मांजराचं खाद्य निघालं आहे. ते लाळेतलं प्रथिन निष्प्रभ करतं. ते बनवणाऱ्या कंपनीच्याच अभ्यासात तिसऱ्या आठवड्यापासून सरासरी ४७ टक्के घट दिसली. आम्ही वापरलेलं नाही. गुंड्याला मांदेलीशिवाय काही पटत नाही.

'ॲलर्जी न होणारी' जात म्हणून महागडी मांजरं किंवा कुत्री विकणाऱ्यांकडे पाठ फिरवावी. प्रथिन सगळ्याच जातींत असतं. प्रत्येक प्राण्यात कमी-जास्त असतं, पण ते जातीच्या नावावरून कळत नाही. कुत्र्याबाबत एक मजेशीर अपवाद आहे. त्याच्या ॲलर्जनांपैकी कॅन एफ ५ हे प्रोस्टेट ग्रंथीत तयार होतं, म्हणजे फक्त नरात. तेवढ्याच एकाची ॲलर्जी असलेल्या माणसाला कुत्री चालू शकते, कुत्रा नाही. पण हे रक्ततपासणीत घटक वेगळे करून पाहिल्याशिवाय ठरवू नये.

"देऊन टाक की"

हे प्रत्येक मावशी-काकू सांगते. दमा जोरात असेल, घरात तान्हं बाळ धापा टाकत असेल, तर देणं हाच शहाणपणा, त्यात भावनेला जागा नाही. फक्त देताना एक माहीत असावं: मांजर गेल्यावर घरातली पातळी मांजर नसलेल्या घराइतकी खाली यायला २० ते २४ आठवडे लागू शकतात. पुष्कळ जण महिनाभर वाट पाहतात, "जाऊनही फरक नाही" म्हणतात, आणि चुकीचा निष्कर्ष काढतात. सोफा, पडदे, गाद्या धुतल्याशिवाय मांजर गेलं तरी ते घरातून गेलेलं नसतं.

माझं प्रकरण तिथवर गेलं नाही. डॉक्टरांनी नाकात मारायचा स्टेरॉइडचा फवारा दिला. तो रोज न चुकता घ्यायचा असतो, शिंका आल्यावर नव्हे. हे मला तिसऱ्या भेटीत कळलं, तोवर मी तो विक्ससारखा वापरत होतो. रात्री मिठाच्या पाण्याने नाक धुतो, जलनेतीच. पाणी मात्र उकळून कोमट केलेलं. नळाचं थेट कधीच नाही, त्यातल्या अमिबाचा धोका क्वचित असला तरी जिवावरचा आहे. तीन ते पाच वर्षं चालणारी इम्युनोथेरपी, म्हणजे ॲलर्जनचे थोडे थोडे डोस देऊन शरीराला त्याची सवय लावणं, त्यांनी सुचवून ठेवली आहे, मी अजून होकार दिलेला नाही.

वही चालू आहे. गेल्या महिन्यात चार रविवारांपैकी एका रविवारी शिंका, त्याही चुकून माझ्या हातात फुलझाडू आला म्हणून. पहाटेच्या दोन. संध्याकाळच्या सोफ्यावरच्या मात्र अजून आहेत, पूर्वीच्या निम्म्या. संशय पडद्यांवर आहे. गुंड्या त्यांच्याआड बसून कबुतरांवर पाळत ठेवतो आणि ते दिवाळीपासून धुतलेले नाहीत. येत्या शनिवारी उतरवायचे ठरलंय, मी ऑफिसात असताना.